वाटेतल्याचा दाणा

त्या रानात गोष्ट एकच होती आणि ती सगळ्यांची होती. पाणवठा जसा एक, तशी गोष्ट एक. वाघाचं पिल्लूही तीच ऐकून मोठं व्हायचं आणि सुतारपक्ष्याचंही. संध्याकाळी उंबराखाली बसून कासवीण ती सांगायची. तिला सारं रान थोरली म्हणे. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं; पण गोष्टीच्या कुठल्या वळणावर कोण डोळे पुसतं, हे तिला पाठ होतं.

गोष्ट होती टिटव्याची. एकदा सूर्याचं एक पीस गळलं आणि शेवटच्या डोंगरापलीकडे जाऊन पडलं. त्या दिवसापासून उजेड जरा पातळ झाला. मोठमोठ्या पाखरांनी माना फिरवल्या, तेव्हा टिटवा उठला. वाऱ्याने वाट द्यायला त्याचे पंख मागितले; त्याने काढून दिले आणि तो पायी निघाला. नदीने त्याचं गाणं मागितलं. तेही दिलं, दोन सूर तेवढे त्याच्यापाशी उरले. पुढे दलदलीत तो रुतला, तर एका खेकड्याने नांगीत धरून त्याला अलगद बाहेर काढलं. असं करत करत टिटवा शेवटच्या डोंगरापाशी पोचला. इथे थोरली एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, "त्यानं डोंगराकडं पाहिलं. चोच पुसली. आणि चालू लागला. चालतोच आहे."

संपली गोष्ट.

मग सगळे उठायचे. रानाच्या कडेला, डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर, एक चपटा दगड होता. ज्याने त्याने त्यावर एकेक दाणा ठेवायचा आणि मागे न बघता घरी जायचं. त्याला म्हणायचे वाटेतल्याचा दाणा. सकाळी दगड स्वच्छ असायचा. दाणे कोण खातं, हे कुणी विचारलं नाही. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, एवढी रीत त्या रानाला होती.

टिपरी नावाची एक खार होती. तिचा जोडीदार एका कोरड्या वर्षी बी शोधायला डोंगरापलीकडे गेला होता. "येतो" एवढंच म्हणाला होता. ढोलीतली त्याची जागा अजून गुळगुळीत होती. टिपरी तिथे काही ठेवत नसे. ती रोज गोष्ट ऐकायची, दगडावर दाणा ठेवायची, आणि मग तिला झोप लागायची.

आता काय झालं, की लांबशेपट्या वानराला टेकडीत एक गुहा सापडली. उन्हं कलली की तिच्या तोंडातून उजेडाचा झोत आत शिरायचा आणि समोरच्या भिंतीवर लख्ख पडायचा. वानराने पिंपळाचं पान झोतात धरलं. पानाचं लांब टोक भिंतीवर चोच झालं, देठाचे पाय झाले, आणि टिटवा चालू लागला! मग वानराच्या गोतावळ्याने बोटांची नदी केली, शेपट्यांचा वारा केला, पाठींचे डोंगर केले. रानाने आजवर कानांनी ऐकलेलं सगळं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. ससे एकमेकांना बिलगले. रानडुकराने हुंदका दिला आणि खोकल्यासारखा केला.

पण शेवटी वानर थांबला नाही. त्याचा टिटवा डोंगरामागे गेला, भिंत क्षणभर रिकामी राहिली, आणि मग चोचीत पीस घेऊन तो परत आला. सारी सावल्यांची पाखरं त्याच्याभोवती नाचली.

थोरलीही गेली होती. तिला पोचायला वेळ लागला, म्हणून सगळ्यांनी थांबून तिला पुढे बसवलं होतं. शेवट झाल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग वानराला म्हणाली, "छान चालवलास रे बाबा. त्याचे पाय दुखतात, हे तुझ्या पानाला कळलं." एवढंच म्हणाली. पण हे ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. बाहेर तोवर जुंपली होती.

"परत आला?" पोपटअण्णा ओरडले. त्यांना गोष्ट शब्दन्‌शब्द पाठ होती आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. "कुणी सांगितलं परत आला म्हणून? 'चालतोच आहे', असं आहे ते! चा-ल-तो-च!"

"अण्णा, किती वर्षं चालवणार त्या बिचाऱ्याला?" साळूताई साळुंकी म्हणाली. तिचे डोळे अजून ओले होते. "तुमचे पाय असते ना, तर कळलं असतं. जन्मभर फांदीवर बसून गोष्ट घोकायची!"

"आणि डावा पंख आधी दिला होता. भिंतीवर उजवा आधी दिला."

"सावलीला डावं-उजवं असतं होय हो?"

"खेकडा कुठंय?" खालून बारीक आवाज आला. पाणवठ्यावरचे झाडून सारे खेकडे आले होते. आपल्या जातीचा एवढा एक मोठा माणूस गोष्टीत, आणि तोच गाळला!

वानर डोकं खाजवत म्हणाला, "अहो, केली होती त्याची सावली. दगडासारखी दिसायची. मंडळी विचारायची, हा दगड टिटव्याला का चावतोय?"

सगळे हसले, खेकडे सोडून. त्यांनी त्या दिवसापासून गुहेचं तोंड पाहिलं नाही.

हसण्यावारी गेलं असतं तर बरं होतं. पण हळूहळू रानात दोन बाजू झाल्या. जे म्हणत टिटवा चालतोच आहे, ते उंबराच्या एका अंगाला बसू लागले. जे म्हणत तो आला, ते दुसऱ्या अंगाला. आलावाले दाणा ठेवीनात. साळूताई म्हणाली, "घरी येऊन जेवलेल्याला पुन्हा वाटेवर कसलं वाढायचं?" मग चालतोवाले इरेला पेटले. ते दोन-दोन दाणे ठेवू लागले, तेही मोठ्याने बोलून. आणि आलावाले कुणी येऊन दाणे विस्कटतील, म्हणून पोपटअण्णांनी दगडावर पहारा बसवला. सकाळ-संध्याकाळ दगडाभोवती पंखांची फडफड आणि चोचींचा कलकलाट.

तेव्हापासून दगडावरचे दाणे तसेच राहू लागले. त्यांचा ढीग झाला. पोपटअण्णा ढीग दाखवून म्हणायचे, "बघा आमची निष्ठा!" साळूताई तोच ढीग दाखवून म्हणायची, "बघा, खायला कुणी नाही. म्हणजे आलाच की तो घरी!" ढीग एकच होता, दोघांनाही पुरत होता.

टिपरीला मात्र कुठल्या अंगाला बसावं ते कळेना. ती उन्हं कलली की गुहेत जायची. भिंत रिकामी झाली की तिचा श्वास अडकायचा, आणि टिटवा परत आला की सुटायचा. मग तिथून ती धावत दगडाकडे यायची आणि दाणा ठेवायची. तिच्या पायांना हे दोन्ही लागत होतं. का, ते तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनेही सांगितलं नव्हतं.

एक दिवस गुहेच्या तोंडाशी साळूताईने तिला अडवलं. "टिपरे, तू दगडावर दाणा ठेवतेस म्हणे? म्हणजे तो आला, हे तुला पटलेलं नाही. मग इथं रडायला कशाला येतेस गं?"

टिपरी तिला वळसा घालून निघाली. ती दगडाकडे गेली. तिथे पोपटअण्णा बसले होते.

"गुहेतून आलीस ना? अंगाला तिथली धूळ आहे. भिंतीवर त्याला घरी आणायचं आणि इथं वाटेवर वाढायचं! हे दोन्हीकडचं चालायचं नाही. तुझा दाणा उचल."

"अण्णा, एकच आहे," टिपरी म्हणाली.

"एक असो की अर्धा. उचल."

तिने उचलला. दुसऱ्या दिवशी ती गुहेत दिसली नाही, उंबराखाली दिसली नाही आणि दगडावरही दिसली नाही. पुढेही नाही.

भांडण शेवटी थोरलीपाशी आलं. तिची गोष्ट, तिनेच सांगावं. दोन्ही बाजू उंबराखाली जमल्या. वानरही आला, पान मागे लपवून.

"थोरले, आता तूच सांग," पोपटअण्णा म्हणाले. "तो चालतोय की आला? शेवट कुठला खरा?"

थोरलीने मान बाहेर काढली आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. एकदा, पुन्हा एकदा.

"टिपरी कुठाय?" तिने विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या शेजारी पाहिलं.

"टिटवा पंख देतो तेव्हा ती डोळे मिटून घेते. 'चोच पुसली' म्हटलं की उघडते. तिच्या उघडण्यावर मी पुढचं बोलते. ती नाही, तर मी कुणाकडं बघून सांगत होते इतके दिवस? नजर अधू झाली माझी, पण तुमची?"

साळूताईने पायाने माती उकरली. पोपटअण्णांनी चोच पंखात खुपसली.

थोरली निघाली. त्या रानाची आणखी एक रीत होती: थोरली चालत असताना तिच्यापुढे कुणी उडायचं नाही. म्हणून सगळं रान तिच्यामागून पायी चाललं. पोपटअण्णांना चालायची सवय नव्हती. ते फेंगडे पाय टाकत, अडखळत चालले. चोचीत शब्द होते ते दम लागून गळून गेले. वाटेत एका चिखलाच्या जागी ते रुतले, तर एका खेकड्याने त्यांना नांगीत धरून अलगद बाहेर काढलं. अण्णांनी चोच पुसली आणि ते चालू लागले.

टिपरीच्या झाडाशी पोचले तेव्हा उन्हं कललेली होती. ढोली बुंध्यात खालीच होती. तिच्या फटीतून उजेडाची एक बारीक पट्टी आत गेली होती. सगळ्यांनी जमेल तिथून आत पाहिलं.

टिपरी पाठमोरी बसली होती. तिच्या हातात पिंपळाचं पान होतं. ढोलीच्या आतल्या अंगावर, त्या गुळगुळीत जागेच्या वर, लहानसा टिटवा उभा होता. त्याच्यासमोर लाकडाच्या कपारीत एक दाणा ठेवलेला होता, खराखुरा.

"आलास?" टिपरी हळू म्हणाली. "दमलास. जरा बस. आधी खाऊन घे. मग निघायचंच आहे तुला."

तिने पान किंचित वाकवलं. भिंतीवरची मान खाली झुकली, आणि सावलीची चोच दाण्याला टेकली.

बाहेर कुणी पंखही हलवला नाही. उजेडाची पट्टी लाकडावरून वर वर सरकत गेली आणि विझली. मग थोरलीने हळूच म्हटलं, "टिपरे, चल गं. दाणा ठेवायची वेळ झाली."

सगळे दगडाकडे गेले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिथे पहारा नव्हता. पहारेकरीही मागून चालत आले होते. दगडावर ढीग नव्हता. एक दाणाही नव्हता. दगड पूर्वीसारखा स्वच्छ होता. शेजारच्या ओल्या मातीत, टिटव्याची असतात तशा तीन-तीन बोटांच्या पावलांचे बारीक ठसे उमटले होते, एकमेकांत मिसळलेले. त्यांतले काही डोंगराकडून आलेले होते आणि काही डोंगराकडे गेलेले होते.

आधीचे कुठले आणि नंतरचे कुठले, हे बघायला पोपटअण्णांनी मान वाकवली. साळूताईनेही वाकवली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टिपरीला वाट द्यायला दोघंही बाजूला सरले.

तिने ठशांवर पाय पडू न देता जाऊन दगडावर दाणा ठेवला. मागे न बघता सगळे घरी गेले.