दात न लावलेला दाणा

एका माळावर एक म्हातारी मुंगी राहत असे. माळ म्हणजे आता नुसते दगड आणि धूळ; पण तिच्या तरुणपणी तिथे पवन्या गवत असे काही माजायचे की खालून चालणाऱ्या मुंग्यांना आभाळ दिसायचे नाही. मग पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष गेले, दुसरेही तसेच गेले. गवत वाळले, वाळलेले वाऱ्याने नेले, आणि वारुळातल्या कोठ्या झाडूनपुसून खाऊन झाल्या. मुलांनो, भूक लागली की पोटात कावळे ओरडतात असे आपण म्हणतो. मुंगीच्या पोटात कावळा मावत नाही, पण भूक मावते.

शेवटी पवन्याचे चिमूटभर बियाणे तेवढे उरले. ते दाणे एकेकीने तोंडात धरले आणि सगळ्या हिरव्या रानाच्या वाटेला लागल्या. माळावरच्या मुंग्यांचा एक जुना रिवाज होता. खायचा दाणा साठवताना त्याला मोड फुटू नये म्हणून त्याचे टोक कुरतडायचे. बियाण्याला मात्र दात लावायचा नाही, जीव गेला तरी बेहत्तर. आणि वाटेत कोणी पडली, तर तिच्या तोंडातला दाणा काढून घ्यायचा नाही. तो तिचा. माळाची हद्द संपायच्या आधीच, एका वाळक्या बाभळीपाशी, म्हातारीची धाकटी बहीण पडली. म्हातारीने तिच्या मिशांना मिशा लावल्या आणि मागे न बघता ती चालू लागली. पुढे आणखी काही जणी पडल्या. सगळ्यांचे दाणे त्यांच्यापाशीच राहिले.

नदीकाठच्या रानात, चिंचेच्या मुळाशी, काळ्या मुंग्यांचे भरलेले वारूळ होते. तिथली कोठी सांभाळणारी मुंगी हाताची उदार होती आणि तोंडाची त्याहून उदार. या उपाशी पाहुण्यांना बघताच तिने तांदळाची कणी काढली, गुळाचा खडा फोडला.

"आधी खा, मग बोला," ती म्हणाली.

म्हातारी जेवली आणि म्हणाली, "बाई, जीव वाचवलात. आता एवढे आमचे दाणे ठेवायला कोरडी जागा द्या. हे खायचे नाहीत हं. हे आम्ही परत नेऊन…"

"कळलं, आजी. दमलात तुम्ही, काही सांगू नका. आमच्या कोठीत आजवर एक दाणा वाया गेलेला नाही."

आता या रानात गवत आपोआप उगवे. दाणा पेरायचाही असतो, हे तिथे कोणाच्या गावीही नव्हते. कोठीवालीने पाहुण्यांचे दाणे दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाहीत. स्वतः बसून, अगदी मायेने, तिने एकेका दाण्याचे टोक कुरतडून टाकले.

दिवस बरे चालले होते. पोटाला कमी नव्हते. तरी ऊन कलले की म्हातारी चिंचेच्या मुळावर चढायची आणि माळाकडून येणाऱ्या वाऱ्यात मिशा धरून बसायची. एकदा माळावरून कडेवर आणलेल्या एका पिल्लाने विचारले, "आजी, पवन्याचा वास कसा असतो गं?" तिला सांगता येईना. "आपल्या घरासारखा," ती म्हणाली. पिल्लाला घर आठवत नव्हते, म्हणून ते गूळ खायला निघून गेले. म्हातारीला तेव्हा फार एकटे वाटले. ज्या वासासाठी आपला जीव तुटतो, तो आपल्यामागे कोणी ओळखणारही नाही, हे तिला सोसवेना.

मग एके सकाळी टिटवी सांगत आली, "माळावर पाऊस झाला. खड्ड्यांत पाणी साचलंय."

म्हातारी धावतच कोठीत गेली. कोठीवालीने दाणे आणून पुढे ठेवले. "बघा, आजी. इतक्या ओलीत एकालाही मोड आलेला नाही."

म्हातारीने एक दाणा फिरवून पाहिला. दुसरा पाहिला. मग एकेक करून सगळे पाहिले; सगळ्यांची टोके गेलेली होती.

"बाई, यांना मोड यायलाच हवा होता. हे पेरायचे होते."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगत होते."

'जाऊ दे, इथेच राहा, इथे काय कमी आहे,' असे कोठीवाली म्हणणार होती, पण तिने ते गिळले आणि पहिल्यांदाच विचारले, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

"जायचंय. दाणा नसला तरी जायचंय."

माळावरच्या सगळ्या निघाल्या. कोठीवाली वाटेपुरती कणी डोक्यावर घेऊन सोबत आली. माळ जवळ आला तशी ओल्या मातीत एक हिरवी काडी दिसली. थोडे पुढे आणखी एक. म्हातारी प्रत्येकीपाशी थांबू लागली, कारण ती प्रत्येक जागा तिच्या ओळखीची होती. अखेर ती वाळकी बाभूळ आली. तिच्या बुडाशी पवन्याचे कोवळे पाते वाऱ्यावर हलत होते.

"याला कुणी जपलं?" कोठीवालीने हळूच विचारले.

"माझ्या बहिणीने," म्हातारी म्हणाली. "मरेपर्यंत भुकेली होती. दात नाही लावला." तिने पात्याला मिशा लावल्या आणि पिल्लाला जवळ ओढले. "ये रे. हा घे वास."

कोठीवालीने डोक्यावरची कणी खाली ठेवली. "आजी, आता मी काय करू?"

"हा पवन्या दाण्यावर येईतो आम्हाला कणी आणत जा. एवढंच."

आणि काळ्या मुंग्यांची रांग त्या दिवसापासून नदीकाठाहून माळावर येऊ लागली.

तात्पर्य : भुकेल्याला घास द्यावाच, पण त्याच्या दाण्याला हात लावण्याआधी त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे, कारण परक्याच्या दारी आलेल्याचे पोट भरले तरी मन घरच्या वाटेवरच असते.