मोहाखालची काळी घोंगडी

कुणाच्या पणजीलाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी एका राजाचं राखीव रान होतं. रानाच्या तोंडाशी ऐनाचं जुनं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याला खुंट्या ठोकलेल्या होत्या. आत जायचं तर हत्यार खुंटीला टांगून जायचं, असा नियम. पहाटे मोहाची फुलं वेचायला गावच्या बाया आत शिरत, त्या मोठमोठ्याने बोलतच. सासूच्या कागाळ्या, कोंबडीची अंडी, काय वाट्टेल ते! अस्वलंही मोह खायला येत. पण हा कालवा कानावर पडला, की बाजूला होत.

एका साली मात्र एका माणसाला अस्वलाने फाडलं. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा निकामी झाला. गावात दोन तट पडले. कुणी म्हणे, "जीव काय फुकटचा आहे? हत्यार नेऊ द्या." कुणी म्हणे, "बंदूक आत शिरली, तर ते रान कसलं?" राजाने दोघांचं ऐकलं आणि दवंडी पिटवली : ज्याला बंदूक न्यायची, त्याने न्यावी.

त्या जखमी माणसाच्या बायकोने लगेच माळ्यावरून सासऱ्याची ठासणीची बंदूक काढली. थोरली जाऊ शेजारीच राहायची. ती कुडावरून डोकावलीच.

"अगं, फुलं वेचायला निघालीस की लढाईला?"

"तुमचं बरं आहे, अक्का. तुमचा नवरा धडधाकट आहे. माझ्या पोरांना आता माझाच आधार. मला काही झालं, तर त्यांना कोण बघेल?"

"खरंय बाई तुझं. पण अस्वल काही वैर धरून बसलं नव्हतं. भावजी गुपचूप गेले, आपलं बहरलेलं झाड कुणाला कळू नये म्हणून. अस्वल बिचारं दचकलं."

"म्हणजे चूक यांचीच ना? बोललातच शेवटी!"

झालं. दोघींत अबोला पडला.

दुसऱ्या दिवसापासून दोघी वेगवेगळ्या वाटांनी रानात जाऊ लागल्या. धाकटी बंदूक सावरत, पाऊल न वाजवता, कानोसा घेत चालायची. बंदुकीच्या धास्तीने बाकीच्या बाया रानाकडेच फिरकेनात. थोरलीला बोलायलाच कुणी उरलं नाही, म्हणून तीही मुकाट्याने वेचू लागली. एवढं मोठं रान, पण माणसाचा आवाज म्हणून नाही.

अशाच एका पहाटे, धूसर उजेडात, धाकटीला मोहाखाली काहीतरी काळं, केसाळ, वाकलेलं दिसलं. पाचोळा खसखसला. तिने बंदूक खांद्याला लावली. डोळ्यांपुढे पोरं उभी राहिली. बोट चापावर गेलं.

तेवढ्यात ते काळं कुरकुरलं, "मेली ही कंबर! आणि त्या बयेला एवढा राग, की टोपली धरायलासुद्धा येईना."

धाकटीचा हात दचकून वर उडाला. बार वरच्या फांदीत गेला आणि थोरलीच्या काळ्या घोंगडीवर मोहाचा सडा पडला.

बंदूक टाकून धाकटी धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "अक्का, तुम्ही बोलला नसतात तर?"

"मी कधी गप्प बसलेय का?" थोरली म्हणाली आणि तिने टोपली धाकटीच्या हातात दिली.

परत जाताना धाकटीने बंदूक ऐनाच्या खुंटीला टांगली. राजाची मुभा होती, तरी ती पुन्हा काढली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी आत शिरल्या, त्या कोण जास्त हट्टी यावर कडाकडा भांडतच. मागोमाग बाकीच्या बायाही आल्या, मजा ऐकायला. पलीकडच्या मोहाखाली खरंखुरं अस्वल फुलं खात होतं. त्याने मान वर केली, हे भांडण जरा वेळ ऐकलं आणि पिल्लांना घेऊन संथपणे ओढ्याकडे निघून गेलं.

म्हणून सांगते, भीतीपोटी माणूस गप्प झाला, की त्याला आपलं माणूसही जनावर दिसू लागतं.