डोलकाठीवरचा अँटेना

उपग्रह आकाशातून होड्यांना वाट दाखवू लागले, त्या काळातली ही गोष्ट. पोशा तांडेलाच्या होडीत वाटाड्या नावाचं यंत्र होतं. उपग्रहांचे निरोप ऐकून होडी कुठे आहे आणि नकाशातले खडक तिच्या कुठल्या बाजूला आहेत ते सांगणं हे त्याचं काम. त्यासाठी त्याला दोन अँटेने होते, पण एका वेळी एकच जोडता येई.

पत्र्याच्या छपराखालचा अँटेना म्हणायचा, "मी जवळचा. मला वेगळी वीजही लागत नाही." डोलकाठीवरच्याला मात्र लांब तारेतून वीज पाठवावी लागे. ते वाटाड्याच्या जिवावर येई, म्हणून तो जवळच्याचंच ऐके.

एका सकाळी दाट धुकं उतरलं. "वाटाड्या, वाटेतला खडक कुठं राहिला रे?" पोशा ओरडला.

"मागे," छपराखालचा म्हणाला. लगेच म्हणाला, "नाही, उजवीकडे." पत्र्यावर आपटून येणारे निरोप त्याला दोन-दोनदा ऐकू येत होते.

फुटणाऱ्या लाटांचा आवाज जवळ आला. वाटाड्याने खालची जोडणी सोडली आणि आपल्यातली वीज वर पाठवली. "बाबा रे, लवकर बोल!"

"आधी नीट ऐकू दे," वरचा म्हणाला. "ऐकलं नाही ते मी सांगणार नाही."

ते क्षण वाटाड्याने कसे काढले, त्यालाच ठाऊक. मग वरून शब्द आला, "खडक समोरच आहे. डावीकडे वळा!"

पोशाने सुकाणूवर सगळा भार टाकला. काळा खडक हातभर अंतरावरून मागे गेला.

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही," छपराखालचा कुरकुरला.

किनारा लागेपर्यंत वाटाड्या वर वीज पाठवत राहिला.