तिसरा पेड

सरका जरा, पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

एकदा काय झालं, एका डोंगराच्या खांद्यावर एक गाव होतं. गावाभोवती घायपाताचं कुंपण. लांब, जाड, टोकाला काटा असलेली पानं. ती पानं कुजवायची, त्यांचा वाख, म्हणजे आतला धागा, काढायचा आणि दोर वळायचे, हाच गावाचा धंदा. त्या गावाची एक रीत होती, बरं का. शेळ्या घरी आल्या की दिवे लागेपर्यंत कुणी कुणाला काम सांगायचं नाही. ती सांजवेळ ज्याची त्याची.

तिथं चांगुणा आणि सटवा हे बहीणभाऊ राहायचे. आईबाप नव्हते. चांगुणा थोरली, सटवा तिला अक्का म्हणायचा. अक्का डावखुरी होती. तिच्या दोराचा पीळ साऱ्या गावाच्या उलट बसायचा. तो उलटा पीळ तिनं एकट्या सटवाला शिकवला होता.

दिवसभर अक्का लोकांचे दोर वळायची. सांजवेळ झाली की ओट्यावर बसून आपला एक दोर वळायची. तो वाढत वाढत घराच्या आढ्यापर्यंत साठला.

"इतका लांब कशाला गं?" सटवा विचारायचा.

"लागेल."

"पण कशाला?"

"ते दोराला ठाऊक. दोन पेड मी घातलेत. तिसरा तू घाल."

"उद्या घालतो की."

मग एक दिवस गल्लीत आरोळी आली. "नको असलेली सांजवेळ द्या, वस्तू घ्या." पाठीवर गाठोडं घेतलेला एक म्हातारा होता. सटवा धावत गेला. त्यानं एक सांजवेळ दिली आणि दोरीवाचून फिरणारा भोवरा घेतला. भोवरा एकदाच फिरला आणि बघतो तर घरोघरी दिवे लागलेले. सांज गेली कुठं?

मग म्हातारा पुन्हा आला. सटवानं पुन्हा सांजवेळ दिली. या खेपेला आपोआप वाजणारी पिपाणी मिळाली.

"बाबा, एवढ्या सांजवेळा तुम्ही नेता कुठं?"

"ओझं झालं की टाकून देतो," म्हातारा म्हणाला आणि डोंगरामागं निघून गेला.

डोंगरामागं एक भगदाड होतं. आत दगड टाकला तरी आवाज यायचा नाही. तिथंच दुसऱ्या दिवशी सटवा शेळ्या चारत होता. पिपाणी वाजत होती, त्याचे डोळे मिटलेले होते. आणि चिंगी नावाचं करडू कडेवरून घसरून आत गेलं.

अक्का आली. तिनं घरातून आपला दोर आणला, कडेच्या उंबराला बांधला आणि खाली उतरली.

"सटवा, चिंगी धड आहे रे," खालून आवाज आला.

मग ती वर चढायला लागली. तसा दोर करकरला, एक एक धागा तटातट तुटायला लागला. ती परत खाली उतरली.

"दोन पेडांवर उतरता येतं, चढता येत नाही. दोर वर ओढ आणि तिसरा पेड घाल."

"अक्का, खाली आहे काय?"

"सांज आहे. जिकडे बघावं तिकडे सांज. इथं भूक लागत नाही. एक तुझी दिसते, तिच्यात पिपाणी वाजतेय. पण माणूस नाही रे कुणी."

गाव धावून आलं. गावातले बाकीचे सारे दोर जोडले तरी तळाला पोचेनात. प्रत्येकानं वाख आणला, पेड वळला. पण त्यांचा पीळ सरळ, अक्काचा उलटा. घातला की उलगडायचा. सगळे सटवाकडे बघायला लागले.

सटवा उतावळा. त्यानं हिरवी पानं कापली, ठेचली आणि तशीच वळली. दोर ओढून बघितला, तर ओली साल हातात आली.

"कुजवली नाहीस ना?" खालून अक्का म्हणाली. तिचा आवाज आता थोडा लांबून येत होता. सटवा कडेवर ओणवा झाला. ती सांजेत विरघळत तर नव्हती?

तेवढ्यात म्हातारा आला. सटवानं भोवरा आणि पिपाणी त्याच्या पायाशी फेकली. "माझ्या सांजवेळा परत दे."

"टाकलेल्या परत येत नाहीत. पण आजची तुझ्याकडेच आहे की," म्हातारा म्हणाला आणि गाठोड्यातून एक इवलीशी डबी काढली. "हिच्यात विसर आहे. आजची सांज दे, डबी घे. अक्का होती हेच आठवणार नाही. मग रडायला नको, वळायला नको."

सटवानं डबीकडे बघितलं. हातही पुढं केला, बरं का, आणि मागं घेतला. मग म्हणाला, "नको. आठवू दे."

म्हातारा गाठोडं उचलून गेला, तो पुन्हा त्या गावात आला नाही.

मग सटवानं पानं डबक्यात बुडवली आणि त्यांना वास येईपर्यंत थांबला. मग ती आपटली, धुतली, वाख सुकवला. मग रोज सांजवेळी भगदाडाच्या कडेला बसून तो पेड वळू लागला. वळता वळता खाली बोलायचा. आज उंबर पिकलाय. आज माझी भाकरी करपली. आधी अक्काचं हसू ऐकू यायचं, मग नुसता हुंकार, मग तोही नाही. तरी तो बोलत राहिला आणि वळत राहिला.

शेवटी दोर तिपेडी झाला. सटवानं तो खाली सोडला. खाली काहीच हललं नाही. मग दोराला एक हिसका बसला. मग दुसरा. दोर ताणला गेला, पण करकरला नाही.

आधी वर आली अक्काच्या खांद्यावरची चिंगी. ती आता चांगली मोठी शेळी झाली होती. तिच्यामागून अक्का. तिनं सटवाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मेल्या, तुला मिशी कधी फुटली?"

सटवा पुढं झाला. त्यानं नुसतं तिचं बोट धरलं, लहानपणी धरायचा तसं.

मग दोघं घरी आले, भाकरी खाल्ली. पुढं सगळे सुखात राहिले. दुसऱ्या सांजवेळी अक्का ओट्यावर आली, तर सटवा आधीच पानं भिजत घालून बसलेला.

"आता कशाला रे?"

"ते दोराला ठाऊक," सटवा म्हणाला.

चला, मिटा डोळे. थोरल्याचा हात धरायचा असेल तर धरा, आणि झोपा आता.