खारीने मागे घेतलेले मागणे

मुलांनो, आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात हेमलताताई पेटी वाजवीत. एका वर्षी ऐन चातुर्मासात त्या पलीकडच्या आळीच्या मंडळात गेल्या आणि त्यांच्या जागी तिकडच्या एक बाई आमच्याकडे आल्या. मला ते इतके लागले की त्याच संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मी नवस बोलले, ‘हेमलताताई परत येऊ देत, अकरा संकष्ट्या पाणीसुद्धा न पिता करीन.’ देवाने ते ऐकले नाही, आणि बरे झाले ऐकले नाही. का बरे झाले, ते सरळ सांगायला गेले तर तुम्ही कंटाळाल. म्हणून ही गोष्ट सांगते.

नदीने तीन बाजूंनी कवेत घेतलेले एक रान होते, आणि त्या रानातल्या आंबराईत एक खार राहत असे. थंडी पडली की त्या रानात खो-खोचे सामने सुरू होत. आंबराईचा एक संघ, बांबूच्या बनाचा एक, करवंदीच्या टेकडीचा एक, असे मिळून सहा संघ होते. खार स्वतः कधी खेळली नाही, पण अकरा हिवाळे तिने आंबराईचा एकही सामना चुकवला नव्हता. मैदानाच्या कडेला एक सपाट काळा दगड होता. आंबराईची सावली इतकी दाट, की सकाळचे ऊन पडे ते फक्त त्या दगडावर. उजाडायच्या आत खार आपल्या बहिणी आणि भाचरांना घेऊन तो दगड अडवून बसे. अकरा वर्षांत आंबराई एकदाही अजिंक्य ठरली नव्हती, आणि खारीची आशा एकदाही सुटली नव्हती.

संघात तिचा जीव होता तो सशावर. काय त्याचे ते पळणे! पाठलाग करणारा हात लांबवी, तोवर ससा दोन बसलेल्या गड्यांच्या मधून असा निसटे, की धूळ त्याच्या मागाहून उडे. तो पळू लागला की खारीला पापणी लववत नसे.

आता त्या रानातली एक रीत सांगते. हंगाम अर्धा झाला की पौर्णिमेला अदलाबदलीचा दिवस असे. सगळे कप्तान वडाखाली जमत, आणि ज्याला हवे असेल त्याने आपला एक गडी देऊन दुसऱ्या संघाचा एक गडी घ्यावा. अट एकच. नव्या गड्याने पहिल्या तीन सामन्यांत निदान एकाला तरी बाद केले पाहिजे. नाही केले, तर अदलाबदल मोडे आणि दोघेही आपापल्या जुन्या संघात परत जात.

त्या वर्षी आंबराईचा कप्तान, म्हातारा वानर, वडाखालून परतला आणि सगळ्यांना म्हणाला, “ससा बांबूच्या बनाला दिला. घोरपड आपल्याकडे घेतली.”

फांदीवरची साळुंकी म्हणाली, “कोण? ती खोडाला चिकटून बसते ती?”

“तीच.”

“मग छान. सगळेच चिकटून बसू. पळायचे कष्ट वाचले.”

खार तरातरा खाली उतरली. “वानरआजोबा, पळणारा गडी देऊन रांगणारा घेतलात?”

“खारूबाई, पळणारे आपल्याकडे चार आहेत,” वानर म्हणाला. “आपण दोन सामने हरलो, ते कुठे हरलो सांगा बरं? दोन्ही वेळा खांबापाशी. समोरचा खांबाला वळसा घालतो, आणि आपले गडी पुढे निघून जातात. खांब धरून अंग झोकून देणारं आपल्यात कोणी नाही.”

“ससा माझ्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झाला.”

“माझ्याही. इथे तो चौघांतला एक होता. तिथे तो पहिला असेल.” एवढे बोलून वानर जरा दुसरीकडे बघत राहिला. पण रागावलेल्या खारीला ते दिसले नाही.

ती तडक उंबराखालच्या वनदेवीपुढे गेली आणि हात जोडून म्हणाली, “आई, ही अदलाबदल मोडू दे. माझा ससा परत येऊ दे. तो येईपर्यंत मी बोराला तोंड लावणार नाही.” बोरांचे दिवस होते, झाडे लालपिवळी झाली होती. नवस काही लटका नव्हता. पण मनापासून केलेले मागणेही कधी कधी वाकडे असते.

नव्या संघात घोरपडीचा पहिला सामना होता, त्या दिवशी ती उजाडताच मैदानावर आली. काळ्या दगडापाशी थांबून हळूच म्हणाली, “ताई, कोपऱ्यात थोडी जागा होईल का?”

खारीने शेपटी पसरली. “ही जुन्यांची जागा आहे. अकरा वर्षं आम्ही इथे बसतो.”

“बरं,” घोरपड म्हणाली आणि सावलीत जाऊन बसली.

सामना सुरू झाला. मुंगसाने मागून येऊन घोरपडीला खो दिला, तर तिला उठायलाच वेळ लागला. ती खांबापर्यंत पोचली तेव्हा पळणारा कोल्हा वळसा घालून उभा राहून जांभई देत होता. सगळे रान हसले. साळुंकी म्हणाली, “उठतेय की बसतेय, काही कळेना.” आंबराई हरली. दुसऱ्या सामन्यातही तेच. घोरपडीने खांब धरला आणि तिची नखे घसरली. पुन्हा आंबराई हरली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या हरण्याने खारीला वाईट वाटले नाही. तिचे तिलाच हे जरा विचित्र वाटले, पण तिने तो विचार अंगावरच्या मुंगीसारखा झटकून टाकला.

तिसरा सामना बांबूच्या बनाशी होता. तो जिंकला नाही, तर आंबराईचा हंगाम संपला. आणि घोरपडीने कोणाला बाद केले नाही, तर अदलाबदल मोडली. सामन्याच्या आदल्या दिवशी खारीला वाटले, बिचारा ससा तिकडे कसा असेल, जरा धीर देऊन यावे. ती नदीच्या वळणाने बांबूच्या बनात गेली.

ससा एकटाच पळण्याचा सराव करीत होता. अंगाने भरला होता, आणि डोळ्यांत वेगळीच चमक होती.

“मावशी, तुम्ही?” तो आनंदाने म्हणाला. “बघा, नवीन शिकलोय. आधी डावीकडे झुकायचं आणि मग उजवीकडे कापायचं. इथे मला सगळ्यांच्या आधी पळायला पाठवतात.”

खारीने तोंडात घोळवत आणलेले धीराचे शब्द तोंडातच राहिले. ती म्हणाली, “उद्याचा दिवस काढ. मग तू घरी येशील. मी देवीला बोलले आहे, बोरं सोडली आहेत.”

सशाचे कान खाली आले. “मावशी, मी घरी यायचं म्हणजे घोरपड हरली पाहिजे. आणि ती हरली म्हणजे आंबराई हरली. हे मागितलंत देवीकडे?”

हे खारीने असे कधी मोजून पाहिलेच नव्हते.

“आणि ती हरतेय तरी कशी, तेच मला कळत नाही,” ससा म्हणाला. “या बनातले सगळे सांगतात, तिने खांब धरला की सुटायचं नाव नको. तुम्ही तिला उन्हात बसवता ना, सामन्याआधी?”

“उन्हात?”

“तिचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही, मावशी. थंडीत तिला ऊन खाल्ल्याशिवाय बोटसुद्धा वाकवता येत नाही. इथे तिच्यासाठी उतारावर मोठी शिळा राखून ठेवायचे.”

खारीला आपली पसरलेली शेपटी आठवली. ती म्हणाली, “हे मला का सांगितलंस? उद्या ती तुलाच पकडायला येईल.”

“येऊ दे की. मला जिंकायचंच आहे. पण गारठलेल्या घोरपडीला चुकवून जिंकलो, तर त्यात माझं पळणं कुठे आलं?”

खार उंच नव्हती, पण त्या क्षणी तिला सशाकडे मान वर करून बघावेसे वाटले. येताना ती धीर द्यायला आली होती, परतताना तो घेऊन निघाली.

वाटेत ती उंबराखाली थांबली. “आई,” ती म्हणाली, “मी मागितलं ते परत घेते. चुकीचं मागितलं होतं. बोरं सोडली ती हा हिवाळाभर सोडलेलीच राहू देत. पण आता एवढंच दे, की जो तिकडे गेला त्याचे पाय थकू नयेत, आणि जी इकडे आली तिचे हात चालू देत.” बोलून झाल्यावर तिला फार हलके वाटले.

दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा काळा दगड रिकामा होता. घोरपड सावलीकडे निघाली होती. खार तिच्या आडवी आली.

“बाई, तिकडे नाही. इकडे बसा.”

घोरपडीने दगडाकडे पाहिले, मग खारीकडे. “ही जुन्यांची जागा ना?”

“हो. म्हणून जुन्यांनीच द्यायला हवी होती. मला उशीर झाला.”

वानराने दुरून हे पाहिले आणि जवळ आला. खारीने कारण सांगितले तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. “मी तिची पकड पाहिली, तिची थंडी पाहिली नाही. कप्तान मी, आणि विचारायला हवं होतं मी.” मग दोघेही दगडाजवळ उभे राहिले. ऊन हळूहळू घोरपडीच्या पाठीवर चढले, तिची बोटे एकेक करून उघडली.

तो सामना ज्यांनी पाहिला ते अजून त्याच्या गोष्टी सांगतात. शेवटच्या डावात दोन्ही संघांचे बाद झालेले गडी सारखे होते. बांबूच्या बनाचा एकच गडी पळायचा उरला होता, आणि तो होता ससा. आंब्याची सावली रेषेला टेकली की डाव संपणार होता, आणि सावली रेषेपासून वीतभरच दूर होती. घोरपडीने अजून एकालाही बाद केले नव्हते. ती खांबाजवळच्या घरात बसून होती.

ससा असा पळत होता, की आंबराईचेही पाहणारे श्वास रोखून बसले. डावीकडे झुकून उजवीकडे कापणारे ते नवे वळण त्याने तीनदा घेतले, आणि तिन्ही वेळा मुंगूस मातीत लोळला. चौथ्या वेळी मुंगूस ओरडला, “खो!” आणि घोरपडीच्या पाठीवर त्याचा पंजा पडला.

ती उठली. या वेळी उठली ती एकदाच, नीट. ससा खांबाला वळसा घालायला निघाला. घोरपडीने मागच्या पायांची नखे खांबात रोवली, आणि सगळे अंग दोरीसारखे लांब करत हवेत झोकून दिले. खांब हलला, ती हलली नाही. तिच्या पुढच्या पायाचे टोक सशाच्या शेपटीच्या टोकाला लागले.

पंच असलेल्या बगळ्याने मान खाली केली. ससा बाद. आंबराई जिंकली होती.

साळुंकीच्या तोंडून शब्द फुटेना, ही त्या सामन्यातली दुसरी नवलाची गोष्ट. खार मात्र मैदानात धावली. “शाब्बास घोरपडबाई,” ती म्हणाली. मग वळून, “शाब्बास रे बाळा.” आणि यातले कोणते शाब्बास जास्त मनापासून होते, हे तिला सांगता आले नसते.

ससा धापा टाकत घोरपडीला म्हणाला, “आज सुटलो नाही. पुढच्या वेळी दोन वळसे घालीन.”

“घाल,” घोरपड म्हणाली. “मी काही खांब सोडत नाही.”

त्या हिवाळ्यात आंबराई थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि तिथे करवंदीच्या टेकडीकडून एका गड्याने हरली. खारीला रात्रभर हळहळ वाटली. पण आपल्या संघासाठी हळहळणे किती चांगले असते, हे तिला त्या रात्री पुन्हा कळले.

पुढच्या वर्षी हंगाम अर्धा झाला. वानर वडाखालून परतला आणि म्हणाला, “मुंगूस टेकडीला दिला.”

“झालं,” साळुंकीने सुरुवात केली, “आता आपल्याकडे काय उरलं...”

मुंगूस खारीच्याही फार आवडीचा होता. तिने त्याच्याजवळ जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला चांगले खेळ म्हणून सांगितले. मग वानराला विचारले, “येतंय कोण?”

“साळिंदर.”

ती कोणाची वाट न पाहता टेकडीच्या वाटेला लागली. अर्ध्यात साळिंदर भेटले. मान खाली घालून, एकटेच चालत येत होते.

“या,” खार म्हणाली. “आधी एवढं सांगा, तुम्हाला खेळायला काय लागतं?”

साळिंदर थबकले. “हे मला कोणी विचारलं नव्हतं. काट्यांना भिऊन मला खो द्यायला कोणी हातच लावत नाही. मी बसलेलाच राहतो. खरं तर माझ्या खांद्यापाशी काटे मऊ आहेत.”

“एवढंच ना?” खार म्हणाली. “चला, ही गोष्ट आधी सगळ्यांना सांगू या.” आणि ती त्याच्या शेजारून, खांद्याच्या बाजूने चालू लागली.

तात्पर्य : जो आपल्यातून गेला त्याचे भले मागावे, जो त्याच्या जागी आला त्याला बळ द्यावे, कोणाच्या हरण्यात आपले सुख मागू नये. तुमच्या वर्गात किंवा तुमच्या संघात या वर्षी कोणी नवीन आले असेल, मुलांनो, तर उद्या सकाळी त्याच्यापाशी जा आणि ‘तुला काय लागतं?’ असे एकदा विचारून बघा. माझे एवढे ऐका.