शर्वरी पेठकर कुठे गेली?

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नाडगौडा नावाचे नवे संचालक आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बोलावलं, संगणकावर टर्मिनलची काळी खिडकी उघडून एक कमांड दिली, आणि कोणी किती कोड लिहिला याची उतरंड पडद्यावर आली. सगळ्यात खाली नाव होतं मुक्ता इनामदार.

मुक्ताच्या नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटली होती. घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

"इनामदार, तुमचा काय उपयोग?" सर म्हणाले. "वर बघा, शर्वरी पेठकर. निम्मा कोड एकटीचा, आणि आज कंपनीत ती नाही. असं माणूस जाऊ कसं दिलंत? ती मिळाली तर आजच तुमच्या जागी घेईन."

बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. मुक्ताने विचारलं, "नक्की घ्याल, सर?"

"सगळ्यांसमोर सांगतो. मागेल त्या पगारावर."

"मग मला काढा आणि मलाच घ्या. पेठकर माझं माहेरचं नाव. गेल्या महिन्यात लग्न झालं, नाव-आडनाव दोन्ही बदललं, आधीचा कोड जुन्याच नावावर राहिला. तुमच्या कमांडला पत्रिका द्यायची तेवढी राहिली."

नाडगौडांनी खिडकी बंद केली. पगाराचा शब्द मात्र त्यांना पाळावा लागला.