कोबीचं कूळ

डोंगरावरच्या छोट्या संस्थानात भागाबाई माळिणीने कोबी पिकवला, तेव्हा राजवैद्य त्र्यंबकशास्त्री कडाडले, "विलायती पाला हा, अंगाला बाधेल! सगळा उपटून टाका." राजेसाहेबांनी निकाल दुसऱ्या दिवसावर ठेवला. भागाबाईला घास गोड लागेना. ती वाफ्यापाशी नुसत्या येरझारा घालत होती. तेवढ्यात तिला फुलावर आलेला एक जून कोबी दिसला.

दुसऱ्या दिवशी दरबारात तिने पिवळ्या फुलांची काडी शास्त्रीबुवांपुढे धरली. "एवढं वळखा, बुवा."

"मोहरी! कफावर हिच्यासारखं औषध नाही."

"कोबीची फुलं हायेत ती. दोघांचं कूळ एकच. कोबी उपटायचा, तर आधी तुमच्या फोडणीतली मोहरी बंद करा."

राजेसाहेब खळखळून हसले. "वाफा राहू दे," ते म्हणाले, "आणि पहिला गड्डा शास्त्रीबुवांच्या घरी पाठव."